प्लॅन वाढवू नका, टीव्हीपर्यंत वायर न्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात शनिवार पेठेत जुनं दगड-मातीचं घर. फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन. वायफायचा डबा रस्त्याकडच्या सोप्यात, टीव्ही माजघरात, मध्ये दोन जाड भिंती. सिनेमा, यूट्यूब व्यवस्थित चालतं. पण मॅच किंवा बातम्या लाइव्ह लावल्या की थोड्या थोड्या वेळाने गोल फिरायला लागतं आणि सासरे वैतागतात. कंपनीचा माणूस म्हणतो, लाइन ओके आहे, २०० चा प्लॅन घ्या. दुकानदार म्हणतो, एक्स्टेंडर लावा, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा दुसरा डबा. कोणाचं ऐकायचं?

ताई, तूर्त दोघांचंही नको. मी आधी केबल टीव्हीच्या लाइनीवर होतो, आता फायबरवर आहे. पेठांतल्या जुन्या घरांतून ही तक्रार आयपीएल सुरू झाली की येते, निवडणुकीचा निकाल असला की येते. एरवी वर्षभर तेच वायफाय तसंच रडत असतं, फक्त कोणाच्या लक्षात येत नाही.

लक्षात का येत नाही, ते आधी सांगतो. सिनेमा सर्व्हरवर आख्खा तयार पडलेला असतो, त्यामुळे तुमचा टीव्ही तो पुढचा पुढचा आधीच ओढून ठेवतो. मध्ये वीस सेकंद वायफाय गेलं तरी साठा असतो, तुम्हाला पत्ता लागत नाही. मॅचचा पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नाही, तर साठवणार काय? लाइव्ह चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतं आणि ॲपच्या हाताशी असे मोजकेच तुकडे असतात. सिनेमा म्हणजे दुरडीत रचून ठेवलेल्या भाकऱ्या, मॅच म्हणजे तव्यावरून थेट पानात. तवा जरा थांबला की पान रिकामं.

म्हणजे लाइव्हला लागतो तो वेग नाही, सातत्य लागतं. एचडी मॅचला पाच ते आठ एमबीपीएस पुरतात, फोरके असेल तर पंचवीसच्या आसपास. तुमच्याकडे शंभर येतायत. घरात अजून दोघं मोबाइल बघत बसले तरी शंभर संपत नाहीत. २०० चा प्लॅन घेतलात तर सोप्यापर्यंत दोनशे येतील आणि माजघरात पोचेल ते आहे तेवढंच. स्पीड टेस्टवरही जाऊ नका. ती बहुतेक जण डब्यासमोर उभं राहून करतात, ती चालते दहा-पंधरा सेकंद, आणि आकडा दाखवते तो त्या सगळ्याचा मिळून. मधल्या दोन सेकंदांत काहीच आलं नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही. कंपनीचा माणूस 'लाइन ओके' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, तो डब्यापर्यंतचं बोलत असतो.

आता दोष कुठल्या टप्प्यात आहे ते घरच्या घरी काढा. लॅपटॉप माजघरात टीव्हीच्या शेजारी ठेवा, वायफायला जोडा. कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे विंडोजमध्ये कमांड टाइप करायच्या, दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या, म्हणजे वायफायच्या डब्याच्या, पत्त्यावर पिंग सोडा, म्हणजे छोटा निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं; हा पत्ता डब्याखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.१००.१. दुसरीत ८.८.८.८ वर, हा गूगलचा बाहेरचा पत्ता. कमांडच्या शेवटी मायनस टी लावलं की तुम्ही थांबवेपर्यंत पिंग चालू राहतं. हे संध्याकाळी आठनंतर करा, मॅच चालू असताना. दुपारी दोन वाजता सगळ्यांचंच वायफाय छान असतं.

पहिल्या खिडकीत २, ३, २, ४ मिलिसेकंद असे लहान आकडे संथपणे पडत राहिले तर वायफाय ठणठणीत आहे. जुन्या घरांत दिसतं ते असं: ३, ५, ४, १८७, ४१२, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', परत ३, ४. तो टाइम्ड आउट आणि टीव्हीवर गोल फिरणं यांत थोड्या सेकंदांचं अंतर असतं, कारण आधी हातचा साठा संपावा लागतो. दोन्ही खिडक्या एकदमच अडखळल्या तर दोष घरात, वायफायमध्ये. राउटरची खिडकी संथ आणि ८.८.८.८ ची तेवढी तुटतेय, तर दोष बाहेर, कंपनीच्या लाइनीत. दोन्ही छान आणि तरी टीव्ही अडतोय, तर संशय टीव्हीवर किंवा ॲपवर. तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट टीव्हीजवळ ठेवून त्यावर मॅच लावून बघा. एचडीला तासाला अडीच ते साडेतीन जीबी डेटा जाईल, पण निदान पक्कं होईल. हॉटस्पॉटवर चाललं म्हणजे टीव्ही निर्दोष.

तुमच्या वर्णनावरून माझी पैज वायफायवर आहे, आणि कारण त्या भिंती. जुन्या साताऱ्यातली घरं काळ्या दगडाची, मातीत बांधलेली, भिंत दीड-दोन फूट सहज. पावसाळ्यात त्या भिंतीत ओल धरते आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. त्यात मधल्या दाराशेजारी लोखंडी कपाट असतं, स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यांची मांडणी. धातूतून लहरी आरपार जातच नाहीत, परततात. आरशाच्या पाठीचा लेपही धातूचाच असतो.

राउटरवर दोन बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेगवान, पण जाड भिंतीपुढे हात टेकतो. २.४ चा भिंत ओलांडतो, पण त्यावर सगळ्या आळीची गर्दी. या बँडवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल मिळून तीनच, १, ६ आणि ११. पेठेत घराला घर लागून, प्रत्येकाच्या घरी डबा, शिवाय ब्लूटूथ, वायफायवरचे सीसीटीव्ही कॅमेरे आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही इथेच घुसतात. एकाच चॅनलवरच्या डब्यांना एकमेकांचं बोलणं संपायची वाट बघावी लागते. रात्री आठनंतर ती वाट लांबते. तुमच्या माजघरात म्हणजे ५ पोचत नाही आणि २.४ ला बोलायला जागा मिळत नाही.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. वायफायच्या नावापुढे '५जी' लिहिलेलं असतं त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा बँड. आणि असं दुसरं नाव दिसतच नसेल, तर कनेक्शनबरोबर मिळालेला डबा सिंगल बँडचा असू शकतो. सेटिंगमध्ये दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असलं तरी दुसरं नाव दिसत नाही, म्हणून लाइनमनला विचारून खात्री करा. सिंगल बँड निघाला तर ड्युअल बँडचा मागून घ्या. टीव्हीचंही तसंच, स्वस्तातल्या बऱ्याच स्मार्ट टीव्हींना फक्त २.४ च कळतो. मग तुम्ही कितीही भारी राउटर आणा, टीव्ही बसणार गर्दीच्याच रांगेत.

म्हणून माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच: टीव्ही जागचा हलत नाही, त्याला वायर द्या. मोबाइल हातात घेऊन फिरतो, त्याला वायफाय हवं. भिंतीला खिळलेल्या टीव्हीला कशाला?

टीव्हीच्या मागे टेलिफोनच्या पिनेपेक्षा जरा रुंद, चौकोनी खाच असते, तिथे लॅन असं लिहिलेलं असतं. कॅट सिक्सची, म्हणजे नेटवर्कची आठ तारांची, वायर आणायची, राउटरच्या लॅन पोर्टमधून निघून टीव्हीच्या या खाचेत. शंभर मीटरपर्यंत ती दमत नाही, तुम्हाला पंधरा-वीस मीटर लागेल. दुकानात 'प्युअर कॉपर' असं ठासून मागा. स्वस्त वायरीत आतली तार ॲल्युमिनियमची असते, वरून फक्त तांब्याचा मुलामा. ओळखायची सोपी रीत आहे: टोकाची एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरट चमकलं की ॲल्युमिनियम, खरवडूनही लालसरच राहिलं तर तांबं. ॲल्युमिनियमची वायर लावल्या दिवशी चालते, पण दोन-चारदा वाकवली की तुटते, पिनेत ढिली होते, आणि परत तोच खेळ.

जुन्या घरात वायर न्यायची कशी, यातच खरं कसब आहे. दगड-मातीच्या भिंतीत ड्रिल घालू देऊ नका. बिट दगडावरून घसरून मातीच्या सांध्यात शिरतं, आतली माती ढासळते आणि पेन्सिलीएवढ्या भोकाचं मूठभर भगदाड होतं. साधं बिट दोन फुटांपार पोचतही नाही. सोप्यातून माजघरात जाणारं दार आहे ना, त्याच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून न्या. दार मिटतं त्या फटीत वायर चेपणार नाही एवढं बघा. फट नसेल तर चपटी कॅट सिक्स मिळते, ती त्या एवढ्याशा तुकड्यापुरती चालते. पुढे केसिंग पट्टी. पण चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप धरत नाही, पावसाळ्यात पट्टी खाली येते. त्यापेक्षा लाकडी तुळईच्या कडेने छोट्या क्लिपा मारत न्या, दिसतही नाही. माळ्यावरून नेणार असाल तर पीव्हीसी पाइपातून न्या, कारण उंदीर. फायबर असो की लॅनची वायर, माळ्यावर उघडी टाकलेली मी कुरतडलेलीच बघत आलोय.

विजेच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा. ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. परसातून बाहेरून वळसा घालून आणायची असेल तर काळ्या आवरणाची आउटडोअर वायर घ्या, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून ठिबकेल, वायरीवरून घरात येणार नाही.

पिन मारायला माणूस बोलवाल तेव्हा त्याच्याकडे टेस्टर आहे का विचारा. तारांच्या रंगांचा क्रम ठरलेला आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना सारखाच. टेस्टर लावल्यावर त्याच्या दोन्ही भागांवर १ ते ८ दिवे ओळीने लागले पाहिजेत. 'चारच लागतात हो इंटरनेटला' म्हणणारे भेटतात. शंभरच्या वेगाला चार तारा पुरतात हे खरं, पण उद्या हीच वायर दुसऱ्या राउटरला शंभरच्या वरच्या वेगासाठी लावायची झाली तर आठही लागतील. आठ दिवे बघून मगच पैसे द्या.

लावून झाल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये वायफाय बंद करा. मग टीव्हीवर स्पीड टेस्ट केली तर नव्वदच्या पुढे काहीतरी येऊन थांबेल आणि कोणीतरी म्हणेल, अरे मोबाइलवर तर याहून जास्त येतं. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्टच शंभरचं असतं, दोष नाही तो. मॅचला आठ लागतात, नव्वद सलग मिळतायत. टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत खोचायची स्ट्रीमिंग स्टिक वापरत असाल तर तिला लॅनची खाच नसते. तिचं वेगळं इथरनेट अडॅप्टर मिळतं. ते घेईपर्यंत एवढं करा की स्टिकबरोबर आलेली एचडीएमआयची छोटी एक्स्टेंशन वायर लावून ती टीव्हीच्या आडोशातून बाहेर काढा. टीव्हीचा पत्रा आणि दगडी भिंत यांच्या बेचक्यात तिला रेंज कुठून येणार?

वायर नकोच असेल, घर भाड्याचं असेल, तर दुसरा चांगला मार्ग म्हणजे डबाच हलवणं. फायबर आत शिरलं तिथेच डबा ठोकून लाइनमन निघून जातो, कारण त्याला पुढचं घर असतं. फायबरला मात्र दहा-पंधरा मीटर आत यायला काहीच अडचण नसते, त्या लांबीत सिग्नल नावालाही घटत नाही. त्याला सांगून डबा माजघरात घ्या. फायबर काटकोनात दुमडायची नाही, हिरव्या टोकाची पिन हिरव्यातच, आणि चालू फायबरच्या टोकात डोकवायचं नाही. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण लेझरचा असतो.

घराला चौक असेल तर तुम्ही नशीबवान. चौकावर उघडणाऱ्या खिडकीत राउटर ठेवा आणि समोरच्या खोलीच्या खिडकीत मेशचा, म्हणजे राउटरशी जोडी करून तेच वायफाय पुढे नेणारा, दुसरा डबा. लहरींना भिंत ओलांडायची गरजच पडत नाही, मोकळ्या हवेतून जातात. अशा जागी ५ गिगाहर्ट्झही सुरेख चालतो.

घरात जुना राउटर पडून असेल तर वायर माजघरात आणून त्यालाही कामाला लावता येतं, म्हणजे टीव्हीबरोबर तिथल्या मोबाइलचंही भागेल. आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद करा. वायर वॅनमध्ये, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या खाचेत, न लावता लॅनमध्ये लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवा, चॅनल वेगळे. हा क्रम उलटा केला तर राउटरच्या पानावर परत जाता येत नाही आणि रिसेटची काडी शोधत बसावं लागतं.

एक्स्टेंडरबद्दल माझं मत वाईट आहे. साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो आणि उशीर वाढतो. वर लोक तो लावतात टीव्हीशेजारी, जिथे मुळात रेंजच नाही. मोबाइलवर पूर्ण दांड्या दिसतात, त्या एक्स्टेंडरपर्यंतच्या. पुढे डब्यापर्यंत रखरखाटच. लाइव्हसाठी तर तो नकोच. विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारी अडॅप्टरं पण जुन्या वायरिंगवर आणि इन्व्हर्टर असलेल्या घरांत भरवशाची नाहीत.

पिंगमध्ये दोष बाहेर निघाला तर मात्र पाठ सोडू नका. लाइनमनला मीटर लावून फायबरमधल्या प्रकाशाची पॉवर दाखवायला सांगा; ती डीबीएममध्ये मोजतात. मायनस १८ ते मायनस २३ डीबीएम असेल तर उत्तम. मायनस २५ च्या पुढे गेलं की काठावर, आणि मायनस २७ पलीकडे डब्याला धड वाचताच येत नाही. जून ते सप्टेंबर साताऱ्यात पाऊस लागला की पोलावरच्या जोडांत पाणी जातं, फांदी पडून केबल ताणली जाते. उन्हात 'ओके' असलेली लाइन भर पावसात पुन्हा मोजायला लावा. पॉवर चांगली आणि तरी रोज रात्रीच ८.८.८.८ तुटतंय, तर कंपनीकडे गर्दी जास्त आणि वाट अरुंद. त्या खिडकीचे वेळेसकट स्क्रीनशॉट काढा, तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या. तेवढ्याने नाही सुटलं तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे फुकटात दाद मागता येते. नुसतं 'नेट स्लो आहे' म्हटलं की ते रिस्टार्ट करा म्हणतात. आकडे आणि वेळा दिल्या की प्रकरण वरच्या माणसाकडे जातं.

बारीकसारीक. २.४ च्या सेटिंगमध्ये चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा. ५ वर चॅनल ऑटो न ठेवता ३६ किंवा १४९ ठेवा. मधल्या बऱ्याच चॅनलवर राउटरला रडारची चाहूल लागली की नियमाने जागा सोडावी लागते, आणि तेवढ्यात मॅच तुटते. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलून वायफाय सुधारत नाही. फोटोंचा बॅकअप आणि क्लाउडवर चढणारे कॅमेरे अपलोड भरून टाकतात, मॅचपुरते थांबवा. डबा अधूनमधून आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी त्याचं अडॅप्टर बदलून बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होता होता डबा रिस्टार्ट होत असेल, तर राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, फक्त अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून. नाहीतर लाइट क्षणभर गेली तरी डबा परत उभा राहीपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात.

एक गोष्ट वायर टाकूनही बदलणार नाही, ती सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा. इंटरनेटवरची मॅच डिशपेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असते, कारण ते तुकडे करून, साठवून पाठवायलाच वेळ लागतो. शेजारी डिश असेल तर विकेटचा आरडाओरडा तुमच्याकडे चेंडू पडायच्या आधी ऐकू येणार. शेजाऱ्यांचं काही करता येत नाही. मोबाइलवरचे स्कोअरचे नोटिफिकेशन मात्र बंद करता येतात.